साक्षीदाराच्या रकान्यातली सही

मला मराठी लिहायला ज्यांनी शिकवलं त्यांच्याविषयी मी हे लिहितेय, आणि तेही मराठीत, याचा थोडा संकोच वाटतो. पण इंग्रजीत लिहिलं तर माझ्या वडिलांना वाचता येणार नाही. मराठीत लिहिलं म्हणून ते वाचतीलच असं नाही. तरी.

कॅरी या गावात आमच्या मराठी मंडळाची रविवारची शाळा एका काकांच्या घरी भरायची. काका फार वर्षांपूर्वी शिकायला म्हणून अमेरिकेत आले, इंजिनिअर झाले, आता निवृत्त आहेत. त्यांच्या वरच्या मजल्यावरच्या मोठ्या खोलीत आम्ही दहा-बारा मुलं सतरंजीवर बसायचो. समोर पांढरा बोर्ड आणि बोर्डाच्या वर, लाकडी पाटीवर पेंढा भरून बसवलेला एक मासा. हिरवट अंग, बाजूनं काळपट पट्टा आणि तोंड इतकं मोठं की आमच्यातल्या एकानं त्यात मार्करची तीन टोपणं टाकली होती. क, ख, ग मी त्या तोंडाकडे बघत शिकले.

तो बास होता. गोड्या पाण्यातला मासा. इकडे लोक तो खाण्यासाठी फारसा पकडत नाहीत. पकडतात, वजन करतात, फोटो काढतात आणि परत पाण्यात सोडतात. माझ्या वडिलांना हे कधी पटलं नाही. मी त्यांना अण्णा म्हणते. आमचं घराणं मासेमारीचं, सोलापूर जिल्ह्यात धरणाच्या पाण्यावर पोट भरणारं. अण्णा सातवीनंतर शाळेत गेले नाहीत. पुण्यात एका हॉटेलात आचारी झाले आणि तिथून एका मालकानं त्यांना इथल्या रेस्टॉरंटमध्ये आणलं. आई आणि मी पाच वर्षांनी आलो. "सोडून द्यायचा तर धरायचा कशाला? त्या माशाला काय कामधंदा न्हाई का?" असं ते म्हणत.

काकांचा मासा मात्र सोडलेला नव्हता, कारण तो आमच्या गावाजवळच्या तळ्यावरचा रेकॉर्ड होता. तळ्याजवळ गळ, दोऱ्या आणि जिवंत आमिष विकणारं एक दुकान आहे. तिथे भिंतीवर एक लाकडी फळा आहे. त्यावर प्रत्येक जातीच्या सर्वात मोठ्या माशाची पितळी पट्टी, पट्टीवर वजन आणि पकडणाऱ्याचं नाव. बाकीच्या पट्ट्या दर दोन-चार वर्षांनी बदलायच्या. बासची पट्टी मी या देशात येण्याआधीपासून तीच होती. वजन साधारण सहा महिन्यांच्या बाळाएवढं. नाव काकांचं.

मंडळाच्या पिकनिकला कुणी ना कुणी विषय काढायचंच.

"काका, यंदा किती वाढला हो मासा?"

"वाढतोय कुठला! पेन्शनीत आहे तो आता, माझ्यासारखा."

मग काका सगळी गोष्ट सांगायचे. धुकं, होडी, वाकलेला रॉड, मनगट कसं आजही थंडीत ठणकतं. आम्ही मुलं पुढची वाक्यं त्यांच्या आधी म्हणायचो. अण्णा त्या वेळी शेगडीवर कणसं भाजत असायचे, आमच्याकडे पाठ करून. त्यांची सुट्टी असली तरी पिकनिकला शेगडी त्यांच्याकडेच असायची. सगळं मंडळ काकांना काका म्हणायचं. एकटे अण्णा साहेब म्हणायचे.

काकांनी मला फक्त अक्षरं शिकवली नाहीत. त्यांना मुलं नव्हती, आणि मला मासे आवडतात हे त्यांना कळलं तेव्हापासून ते मला होडीतून घेऊन जायला लागले. बास कसा धरायचा ते त्यांनी दाखवलं: अंगठा खालच्या ओठावर, दुसरा हात पोटाखाली. "कल्ल्यात बोट घालायचं नाही हं. कल्ले म्हणजे त्याची फुप्फुसं. तुला कुणी नाकात दोरी घालून उचललं तर?" कॉलेजच्या अर्जांच्या वेळी आमच्या घरात कुणालाच काही माहीत नव्हतं. कोणता फॉर्म कधी भरायचा, कुठल्या चौकोनात काय लिहायचं, सगळं काकांनी तीन शनिवार माझ्या शेजारी बसून करून घेतलं. अर्जासोबतचा निबंध मी त्यांच्या माशावर लिहिला. त्या निबंधावर मला प्रवेश मिळाला आणि मी मत्स्यशास्त्र घेतलं. मंडळातल्या एक काकू म्हणाल्या, "अगं, मासे? डॉक्टर नाही का व्हायचं?" काकाच म्हणाले, "माशांची डॉक्टर होतेय असं समजा ना."

आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिली. फॉर्मवर मला फार विश्वास होता, हे इथेच सांगून टाकते. खरं लिहायचं, सही करायची, वेळेत द्यायचं, की पलीकडून योग्य तेच होतं. माझं आजवरचं सगळं तसंच झालं होतं.

गेल्या उन्हाळ्यात मला राज्याच्या मत्स्य खात्याच्या एका छोट्या कार्यालयात काम मिळालं. जुन्या रेकॉर्डचे कागदी फॉर्म कॉम्प्युटरवर चढवायचे. शेवटचा रकाना पडताळणीचा: ठीक किंवा शंका. शंका असली तर कारण लिहून बाईंकडे द्यायचं. या बाई माझ्या वरिष्ठ, हसऱ्या, दिवसभर एकाच मगातून थंड कॉफी पिणाऱ्या.

आमच्या तळ्याचा गठ्ठा निघाला तेव्हा मी खूश झाले. काकांच्या फॉर्मचा फोटो काढून त्यांना पाठवायचा असं ठरवलं होतं. फॉर्म काकांच्या वळणदार अक्षरात होता. कशानं पकडला: रॉड आणि रीळ, म्हणजे गळाची काठी आणि दोरी गुंडाळायची चकरी. वजन दुकानाच्या काट्यावर. खाली साक्षीदाराची सही. बाई माझ्या खांद्यावरून बघत होत्या. त्यांनी त्या सहीवर बोट ठेवलं. "ही नक्षी मला आठवते. आम्ही समजायचो कुणीतरी पेन चालतंय का ते बघितलंय."

मी म्हटलं, "ही मराठी आहे. मला वाचता येते."

"अरे वा! काय लिहिलंय?"

"नाव आहे," मी म्हटलं.

सही अण्णांची होती. पहिल्या तीन अक्षरांवर रेघ आणि पुढे नाही. माझ्या शाळेच्या प्रत्येक प्रगतिपुस्तकावर ती तशीच आहे.

फॉर्मला एक फोटो टाचलेला होता. काकांच्या मिशा काळ्या, चेहऱ्यावर हसू. पण त्यांचा अंगठा माशाच्या ओठावर नव्हता. मासा एका पांढऱ्या कापडी पट्टीला लटकत होता. पट्टी कल्ल्यातून आत, तोंडातून बाहेर, दोन पीळ दिलेले आणि टोक परत पिळात खोचलेलं. धरणावर आमचे लोक वेलाचा तुकडा असाच ओवतात, म्हणजे मासा आडवा राहतो आणि एका बोटानं उचलता येतो. अण्णा घरी कुठलाही मासा आणला की असाच आणतात. ती पट्टी आचाऱ्याच्या एप्रनची नाडी होती. नाडीला हळदीचा डाग होता.

काही वेळ मी असं समजायचा प्रयत्न केला की अण्णा नुसते शेजारी होते आणि त्यांनी मासा ओवून दिला. पण मग इतक्या पिकनिकांमध्ये काकांच्या गोष्टीतल्या त्या धुक्यात, त्या होडीत अण्णा एकदाही कसे आले नाहीत? मी पडताळणीचा रकाना कोरा ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवणाची गर्दी ओसरल्यावर मी रेस्टॉरंटच्या स्वयंपाकघरात गेले. अण्णा नानचं पीठ मळत होते.

"अण्णा, साहेबांच्या माशाच्या फॉर्मवर तुमची सही आहे."

त्यांनी कुठला फॉर्म असं विचारलं नाही. ते म्हणाले, "हाय का अजून?"

मग पीठ मळता मळता त्यांनी सांगितलं, जणू दुसऱ्याचंच काही सांगताहेत. सोमवार होता, सुट्टीचा. साहेबांनी त्यांना गाडीतून तळ्यावर नेलं होतं. साहेब होडीतून आत गेले. अण्णा काठावर बसले. रॉड नव्हता, मासे धरायचं लायसन्स नव्हतं. रिकाम्या डब्याला गुंडाळलेली नायलॉनची तंगूस दोरी होती आणि गळाला एक लहान जिवंत मासा. "तर्जनीवर दोरी ठिवायची. मासा नुसतं तोंड लावतो तवा वढायचं न्हाई. त्यो वळतो, तवा वढायचं."

"आणि साहेब?"

"साहेब आलं मोकळ्या हातानं. बघितलं आन् डोळंच फिरलं त्यांचं. म्हणले, चला, वजन करू. दुकानदार नाचायलाच लागला. काटा, कागद, फोटो. मग त्यानं माझ्याकडं बघून काहीतरी इचारलं. मला इंग्रजी कुठं येतंय तवा. साहेबांनी उत्तर दिलं."

"काय उत्तर दिलं?"

"ते मला गाडीत कळलं."

"आणि सही?"

"कर म्हणले. केली." त्यांनी पिठाचा गोळा उलटा केला. "मला त्यो शिजवायचा हुता. चिचंचा कोळ घालून. त्योबी त्यांनी भिताडाला लावला."

मी म्हटलं, आपण हे बदलू शकतो. माझ्याच हातात तो कागद आहे. अण्णा म्हणाले, "राहू दे."

"का पण? भीती वाटते का अजून? आता तर आपले कागद पक्के आहेत."

"राहू दे म्हणलं ना पोरी."

मला वाटलं, ही जुनी भीती आहे. साहेब म्हणायची सवय आहे. मी त्यांना पुढे काही विचारलं नाही. आज तेच एक वाक्य परत परत डोक्यात येतं, कारण मी ते नीट ऐकलंच नाही.

काकांकडे मी शनिवारी गेले. ते घरामागच्या लाकडी डेकवर रीळ उघडून तेल घालत होते. फोनवरचा फॉर्मचा फोटो मी त्यांच्यासमोर धरला. त्यांनी चष्मा वर केला, बघितलं, आणि चष्मा परत खाली आणायला बराच वेळ घेतला.

"तू चहा घेणार?"

"काका, मासा कुणी पकडला?"

"बस आधी."

"मी उभी आहे ते ठीक आहे."

"हे बघ, तुला नियम माहितीयत, तू शिकतेयस ते. हातात दोरी धरून पकडलेला मासा रेकॉर्डला चालतच नाही. रॉड लागतो. त्यात याच्याकडे लायसन्स नाही, व्हिसा नवा. दुकानदारानं विचारलं कुणी पकडला, आणि माझ्या तोंडून निघून गेलं. त्याचं नाव सांगितलं असतं तर दंड झाला असता, कदाचित परत पाठवलं असतं. मग तू आली असतीस का इथे?"

हे खोटं नव्हतं. म्हणूनच मला जास्त राग आला. मी म्हटलं, "मग नुसतं वजन करून घरी यायचं. रेकॉर्डचा फॉर्म कशाला भरला?"

ते रिळातला एक स्क्रू हातात फिरवायला लागले. "एवढा मोठा मासा, अगं. नोंद नाही झाली तर कुणाला कळणार असा मासा होता म्हणून? शेवटी आपल्याच माणसाच्या नावावर राहिला ना?"

"तुमच्या नावावर राहिला."

"बरं, माझ्या." मग ते हळू म्हणाले, "पहिल्या वर्षी सांगणार होतो मंडळात. मग गोष्ट सांगता सांगता धुकं वगैरे येत गेलं."

धुकंसुद्धा नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. मला वाटतं, माशापेक्षा मला त्या धुक्याचं जास्त लागलं. मी निबंधाची सुरुवात त्याच धुक्यानं केली होती.

परत येताना गाडीत मी रडले. ज्या माणसानं मला खरं लिहायला शिकवलं, त्यानं माझ्या डोळ्यांदेखत, दर रविवारी, तो मासा भिंतीवर ठेवून मला शिकवलं. आणि अण्णांनी मला तिथे सोडायला आणलं, न्यायला आले, दारात उभं राहून "साहेब, पोरगी नीट शिकतीय ना?" असं विचारलं. दोघांनाही माहीत होतं. माहीत नसलेली फक्त मी होते. मी अण्णांवरही रागावले होते, हे कबूल करते. माझ्या मनात त्यांची ओळख कणसं भाजणारा एक माणूस एवढीच त्यांनी राहू दिली होती.

सोमवारी मी शंका असं लिहिलं आणि सोबत दोन पानं जोडली. मासा माझ्या वडिलांनी पकडला, अमुक पद्धतीनं, सही त्यांची आहे, नाव दुरुस्त करावं. रॉडचा नियम मला माहीत होता. तरी वाटलं, इतक्या वर्षांचा मासा आहे, माणूस खरा आहे, वजन खरं आहे, काहीतरी अपवाद करतील. बाईंनी पानं वाचली, मग पुन्हा वाचली. म्हणाल्या, "नक्की द्यायचं आहे का हे? दिलं की ते माझ्याही हातात राहणार नाही." मी हो म्हटलं. माझा आवाज अगदी खात्रीचा होता.

तीन आठवड्यांनी निर्णय आला. चार ओळी. नोंद रद्द. पकडण्याची पद्धत मान्य नाही, म्हणून वडिलांच्या नावेही नाही. त्या तळ्यावरचा दुसऱ्या क्रमांकाचा बास आता पहिला. तो कुणीतरी दूरच्या गावच्या माणसानं पकडलेला होता. बाईंनी माझ्या टेबलावर एक मफिन ठेवला.

मंडळात बातमी कशी पोचली ते मला ठाऊक नाही. काकांनी रविवारची शाळा बंद केली, तब्येतीचं कारण सांगून. ज्या काकूंना मी डॉक्टर व्हावं असं वाटायचं, त्यांचा फोन आला. "तू खरं तेच केलंस गं. पण त्यांच्याशी एकदा बोलायचं होतंस." मी म्हटलं, बोलले होते. त्या म्हणाल्या, "तसं नाही." काकांनी मला फोन केला नाही. मीही केला नाही. मला त्यांची आठवण येते, आणि आली की परत राग येतो.

अण्णांना मी स्वतः सांगणार होते. शब्द जुळवत होते. त्याआधी त्यांनीच सांगितलं. पुढच्या मंगळवारी दुपारी मी रेस्टॉरंटमध्ये गेले तेव्हा ते मोठ्या पातेल्यात कांदा परतत होते. वर न बघता म्हणाले, "फळ्यावर दुसरी पट्टी लावलीय."

"तुम्ही कधी गेला होता तिकडे?"

"काल. सोमवार हुता की."

"काल कशाला?"

"दर सोमवारी जातो."

मला हे माहीत नव्हतं. आईलाही नव्हतं. सुट्टीच्या दिवशी ते भाजी आणायला जातात एवढंच आम्हाला ठाऊक होतं. अण्णा म्हणाले, भाजी घेऊन झाली की ते गाडी तिकडे वळवत. दुकानात जात, एखादं गळांचं पाकीट घेत आणि फळ्यापुढे उभे राहत. दुकानदार ओळखायला लागला होता. कधी नवीन कुणी आलं की दुकानदार त्या पट्टीकडे बोट दाखवून सांगायचा, एवढा मोठा मासा याच तळ्यात निघाला होता. बघणारा शिट्टी मारायचा. अण्णा बाजूला उभे राहून ऐकायचे.

"पण नाव तर साहेबांचं होतं, अण्णा."

"मला कुठं वाचता येतंय इंग्रजी." मग उलथनं थांबलं. "आकडे येतात वाचाया. आकडा माझा हुता."

मी सॉरी म्हटलं. इंग्रजीत म्हटलं, मराठीत मला तो शब्द आठवला नाही. ते म्हणाले, "तू चांगल्यासाठीच केलं असशील." हे त्यांनी इतकं नीट, इतक्या परक्या माणसासारखं म्हटलं की मला काकांच्या दारात उभं राहिलेले अण्णा आठवले. साहेबांशी ते याच आवाजात बोलायचे.

कांदा लाल झाला. त्यांनी आच कमी केली.

"नवा केवढा हाय? काल लांबनंच बघितली पट्टी." त्यांनी विचारलं.

मी वजन सांगितलं.

त्यांनी मनात पौंडांचे किलो केले असावेत, कारण ओठ हलले. "बारका हाय," ते म्हणाले, आणि टोमॅटो घालायला वळले.